अर्ध्या पेढीची हळद

हिंगोलीच्या एका सभागृहात होतकरू उद्योजकांच्या शिबिरास मला एकदा व्याख्याता म्हणून बोलावण्यात आले. विषय निमंत्रणावर छापलेला होता : 'भागीदारांतील निकोप संबंध'. माझ्याआधी बाहेरगावाहून आलेल्या एका टायवाल्या तज्ज्ञांनी भिंतीवर उजेडाचा चौकोन पाडला आणि सांगितले, की भागीदारांनी दर आठवड्यास समोरासमोर बसावे, मनातले सारे ताबडतोब बोलून टाकावे, आणि मतभेद उद्भवला की त्याच क्षणी तो मिटवावा. समोरच्या तरुणांनी ते वहीत उतरवून घेतले. नंतर मला तीन मिनिटे देण्यात आली. मी उभा राहून म्हणालो, "यांपैकी एकही गोष्ट आम्ही दोघांनी अकरा वर्षांत केली नाही, आणि म्हणूनच अकरा वर्षे टिकलो." एवढ्यावर संयोजकांनी घंटी वाजवली. तीन मिनिटांची मर्यादा निमंत्रणात का नमूद नव्हती, असे मी दुसऱ्याच दिवशी त्यांना लेखी विचारले. उत्तर आले नाही. सबब, जे त्या सभागृहात सांगू दिले गेले नाही, ते येथे लिहितो.

माझे भागीदार मूळचे साखऱ्याचे. घरी मेंढरे, जमीन कोरडवाहू, शिक्षण चौथीपर्यंत. माझे गाव नरसीच्या बाजूचे. मी वसमतला तहसिलीच्या ओसरीवर अर्जनवीस होतो, म्हणजे लोकांचे अर्ज, कैफियती आणि हरकती लिहून देत असे. आमचे कुटुंब बौद्ध. हा उल्लेख मी येथे करतो तो पुढील हकिकतीत त्याचा संबंध येतो म्हणून, अन्यथा केला नसता.

ते प्रथम माझ्याकडे आले ते सख्ख्या भावाविरुद्ध अर्ज लिहून घेण्यासाठी. बांधाचे प्रकरण होते. मी दोन पाने लिहिली, आणि मला सांगण्यास संकोच नाही, चांगली लिहिली. वाचून दाखवली. ते डोळे मिटून ऐकत होते.

"झ्याक लिवलं," ते म्हणाले. "आता फाडा."

"फाडू? का?"

"लिवता लिवता राग निघाला ना. आता हे द्यायचं कोणाला?"

मी संतापलो. अर्ज फाडणे माझ्या पेशात बसत नव्हते. त्यांनी तो माझ्या हातून घेतला, स्वतः चार तुकडे केले, खिशात ठेवले आणि तिथेच उकिडवे बसून मला विचारले, "तुमचं अक्षर चांगलं हाय. मला मशिनीतलं समजतं. हळदीचा ड्रम घेऊ का भागीत?"

ज्यांना वसमतची हळद ठाऊक नाही त्यांच्यासाठी खुलासा : ओली हळद शिजवतात, मग पंधरा दिवस उन्हात वाळवतात. वाळली तरी ती मळकट, खरबरीत दिसते. ती भोकाभोकांच्या लोखंडी ड्रममध्ये घालून गरगर फिरवली, की वरची साल झडते आणि हळकुंड उजळते. याला पॉलिश म्हणतात. आमचा ड्रम ट्रॉलीवर बसवलेला होता आणि ऑईल इंजिनावर चालत असे. भाड्याचा ट्रॅक्टर तो गावोगाव ओढून नेई. ड्रमचे सर्व काम त्यांचे. गिऱ्हाइकांचे नंबर लावणे, पावत्या, परवाने आणि पत्रव्यवहार माझा.

भागीदारीपत्र मी एकेचाळीस कलमांचे तयार केले. ते त्यांनी अथपासून इतिपर्यंत ऐकून घेतले व म्हणाले, "एक राहिलं. आपून दोघं पाठीला पाठ लावून बसू. समोरासमोर बसलं की मानूस दुसऱ्याचं तोंड बघत बसतो. मेंढरं राखताना आमी असंच बसतो. चारी बाजू दिसतात." मी हे हास्यास्पद असल्याचे सांगितले. ते म्हणाले, "मग मी सही करत न्हाई." बेचाळिसावे कलम त्याप्रमाणे लिहिले गेले. दुकानात मधोमध एक लांब बाक होता. त्याच्या एका कडेला मी रस्त्याकडे तोंड करून, आणि दुसऱ्या कडेला ते मागच्या अंगणातल्या ड्रमकडे तोंड करून, असे आम्ही अकरा वर्षे बसलो. येणारा माणूस आधी गोंधळून जाई. नंतर त्याला कळे, की नंबर पाहिजे तर या बाजूने, आणि शिव्या द्यायच्या तर त्या बाजूने.

ते मला 'वकीलसाहेब' म्हणत. सनद नसलेल्या माणसास वकील म्हणणे गैर आहे, असे मी त्यांना तोंडी चार वेळा व लेखी एकदा कळवले. त्यानंतर ते मला चारचौघांत 'वकीलसाहेब' आणि एकटे असताना 'ओ' म्हणू लागले.

त्यांच्या विक्षिप्तपणाची यादी मी करणार नाही. यादी केली तर ते विक्षिप्त होते असे वाटेल, आणि मला अजून त्याची खात्री नाही. काही गोष्टी मात्र नोंदवणे भाग आहे.

चुगली करणाऱ्यांशी ते ज्या पद्धतीने वागत, तशी पद्धत मी कोणत्याही न्यायालयात पाहिली नाही. एखादा शेतकरी माझी तक्रार घेऊन गुपचूप त्यांच्या बाजूला जाई, कानाशी लागे. ते दोन वाक्ये ऐकत आणि मोठ्याने हाक मारत, "वकीलसाहेब, इकडं या जरा. हे तुमच्याबद्दल सांगून राहिले. अर्धं झालं, अर्धं राहिलं. तुमच्याम्होरं सांगतील." तो मनुष्य आधी पांढरा पडे, मग लाल होई. उरलेले अर्धे कोणी कधी सांगितले नाही. माझ्या बाजूला येऊन त्यांच्याविरुद्ध सांगणाऱ्यांना मी लेखी तक्रार मागत असे. परिणाम तोच, फक्त माझ्या पद्धतीत कागद जात.

भांडणाचीही त्यांची रीत ठरलेली होती. शब्दाला शब्द लागला, की ते उठत आणि रिकामा ड्रम चालू करत. त्या खडखडाटात मी काय बोलतो ते त्यांना ऐकू येत नसे आणि ते काय बोलतात ते मला. गळ्याच्या शिरा ताणून आम्ही दहा मिनिटे ओरडत असू. मग ते इंजिन बंद करत. त्या शांततेत पुन्हा तेच बोलण्याची ताकद कुणातच उरत नसे. अडचण एवढीच, की रिकाम्या ड्रमचा आवाज भरल्या ड्रमपेक्षा वेगळा येतो. शेजारच्या हॉटेलवाल्याला तो ओळखू येऊ लागला. तो गिऱ्हाइकाला सांगे, "थोडं थांबून जा, आतमंदी दोघांचं चालू हाय." तेलाचा असा अपव्यय थांबवावा म्हणून मी त्यांना पत्र लिहिले.

आणि आता पत्रांविषयी.

मी माझे म्हणणे लेखी देतो. तोंडी बोलणे हवेत जाते, नंतर कोणीही काहीही म्हणू शकतो. भागीदारालाही मी रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह पत्रे पाठवत असे. पोस्ट आमच्या दुकानासमोरच होते. मी रस्ता ओलांडून पत्र टाकायचो आणि दुसऱ्या दिवशी पोस्टमन तोच रस्ता ओलांडून ते माझ्याच बाकाच्या पलीकडे आणून द्यायचा.

"साहेब, पाठीला पाठ घासून राहिली तुमची," पोस्टमन एकदा वैतागून म्हणाला, "अन् तकलीफ मला!"

"टपाल पोचवणे हे आपले कर्तव्य आहे," मी म्हणालो.

"व्हय, पन तुमी नुसतं मागं वळलात तरी पोचतं की हो!"

माझे भागीदार पोचपावतीवर सही करत, पाकीट न उघडता भिंतीवरच्या तारेत खोचत आणि त्यावर पेन्सिलीने तारीख टाकत. पंधरा दिवसांनी उघडत. मी पहिल्यांदा कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, "हळद शिजवली की लगेच ड्रममंदी घालता का? पंधरा दिस वाळवता ना? ओली घातली तर लगदा व्हतो. पत्राचं बी तसंच." मी त्यांना दाखवून दिले, की माझ्या पत्रात उत्तरासाठी सात दिवसांची मुदत असते व पंधरा दिवसांनी उघडलेल्या पत्राची मुदत आठ दिवस आधीच संपलेली असते. "मंग तर बरंच," ते म्हणाले. "संपलेल्याचं उत्तर द्यायला नको."

पंधराव्या दिवशी ते पत्र काढत, ओठ हलवत सगळे वाचत, आणि दहा मुद्द्यांपैकी ज्याचे अजून काही करण्यासारखे असेल तेवढे मुकाट्याने करत. उरलेल्या नऊ मुद्द्यांबद्दल मी स्मरणपत्र लिहायला बसलो, की बहुतेक वेळा मलाच त्यातले सहा आठवत नसत. याचा मला अतिशय राग येई.

परभणीतून आमचा जिल्हा वेगळा निघाला तेव्हा मी भागीदारीपत्रास पुरवणी जोडण्याचा मसुदा केला, कारण मूळ कागदावर 'जिल्हा परभणी' होते आणि आता आम्ही हिंगोलीचे. त्यांनी सही केली नाही. "हळदीला काय ठावं जिल्हा?" म्हणाले. मी सांगितले, की या कागदाने उद्या न्यायालयात अधिकारक्षेत्राचा प्रश्न निर्माण होईल. ते म्हणाले, "म्हंजी तुमी न्यायालयात जायचं धरूनच चालून राहिले." याचे उत्तर मला दुसऱ्या दिवशी सुचले, ते मी पोस्टाने पाठवले.

आता ज्या प्रकरणासाठी हे सर्व लिहिले, तेथे येतो.

वसमतजवळच्या एका गावी एक मोठे बागायतदार होते. त्यांचे किंवा गावाचे नाव मी लिहीत नाही. गावातल्या इतरांचा त्यात दोष नव्हता. सगळे त्यांना मालक म्हणत, म्हणून मीही म्हणतो. ऐन हंगामात एके दिवशी मी तहसिलीत असताना त्यांचा माणूस दुकानी आला. निरोप असा : हळद भरपूर आहे, ड्रम घेऊन यावे, मात्र एकट्यानेच यावे. तो दुसरा नको. आमच्या अंगणात त्याचे काय काम?

हा निरोप मला भागीदारांनी सांगितला नाही. शेजारच्या हॉटेलवाल्याने सांगितला, आणि तोही दुसऱ्या दिवशी सकाळी, जेव्हा मागच्या अंगणात ड्रम नव्हता आणि बाकाची पलीकडची कड रिकामी होती.

"तुमाला सांगितलं न्हाई?" हॉटेलवाला म्हणाला. "गेले की ते. सकाळीच गेले, ट्रॅक्टर जोडून."

"काही बोलले?"

"कायबी न्हाई. चहा पिऊन गेले."

त्या घटकेचे वर्णन मी करत नाही. अशा निरोपासाठी देशात स्वतंत्र कायदा आहे आणि त्याची कलमे मला पाठ आहेत. पण निरोप माझ्या कानी पडला नव्हता. हॉटेलवाल्याचे ऐकीव होते. तो प्रत्यक्ष ऐकणारा एकमेव साक्षीदार ड्रम घेऊन त्याच अंगणात गेला होता. मालकाचा मला राग आला, परंतु त्यांच्यासारखे लोक मी लहानपणापासून पाहत आलो होतो. माझ्या पाठीला पाठ लावून नऊ वर्षे बसलेला मनुष्य ती अट ऐकून चहा पिऊन निघून गेला, हे मात्र मी कधी पाहिले नव्हते.

मी नोटीस लिहिली. रागातही मी मसुदा काळजीपूर्वक करतो. 'आपण आपल्या भागीदाराच्या अप्रतिष्ठेची अट मान्य करून काम स्वीकारले. सबब सदर भागीदारी, आपण ही नोटीस वाचाल त्या दिनांकापासून, विसर्जित झाली असे समजावे.' 'वाचाल त्या दिनांकापासून' हे शब्द मी हेतुपुरस्सर घातले. पंधरा दिवसांच्या त्यांच्या खोडीमुळे पुढे वाद नको. रस्ता ओलांडला, पत्र टाकले, पोचपावतीचा फॉर्म भरला. दुसऱ्या दिवशी माझे भागीदार परत बाकावर होते. पोस्टमन आला. त्यांनी सही केली, तारीख टाकली, पत्र तारेत खोचले. मी रस्त्याकडे बघत राहिलो.

सहाव्या दिवशी भाड्याचा ट्रॅक्टरवाला भाड्याच्या कागदावर माझी सही घ्यायला माझ्या बाजूला आला. भागीदार तेव्हा ड्रमच्या बेअरिंगसाठी बाजारात गेले होते. ट्रॅक्टरवाला स्वतःशीच हसत होता.

"काय झाले?" मी विचारले.

"मालकाचं तोंड आठवून राहिलं, साहेब. तुमाला म्हाईतच असंल की!"

"मला काहीच माहीत नाही. जे घडले ते क्रमाने सांगा."

"न्हाई माहीत? आवं, दुपारपत्तुर काम झालं. बराबर अर्धा ढीग पॉलिश झाला. अन् तुमच्या भागीदारानं इंजन बंद केलं, मला म्हणले, जोड ट्रॅक्टर. मालक धावत आले. 'आरं, काहून थांबलं? अर्धी तर राहिली!' तर हे म्हणले, 'मालक, तुमी अर्धी पेढी बोलावली. अर्ध्या पेढीनं अर्धी हळद केली. उरलेली दुसऱ्या अर्ध्याची हाय. त्यायला बोलवा.'"

मी लेखणी खाली ठेवली.

"मालक म्हणले, 'मजाक करता का माझ्या दारात?' तर हे म्हणले, 'मजाक न्हाई. आमच्यात तसंच हाय.' अन् बसले की ट्रॉलीवर! आता एका ढिगाचे दोन रंग पडले. बाजारात नेता येईना, घरात ठेवता येईना. दुसरे ड्रमवाले हंगामात कुठं रिकामे हायत? अन् अर्ध्या झालेल्या मालाला दुसरा हात लावीना."

त्याने सही घेतली आणि गेला. मी वर पाहिले. तारेत माझे पाकीट होते, त्यावर पेन्सिलीची तारीख. नऊ दिवस शिल्लक होते.

वाचकांपैकी कोणी म्हणेल, की त्यात काय, सांगून टाकायचे, चूक झाली. भागीदारीपत्राचे सतरावे कलम असे होते, की लेखी दिलेली कोणतीही सूचना केवळ लेखीच मागे घेता येईल. ते कलम मीच घातले होते, कारण माझे भागीदार सकाळी एक बोलत आणि दुपारी दुसरे. शिवाय दुसरे एक कारण होते, ते कलमात नव्हते. तोंडी सांगायचे तर वळून बसावे लागले असते.

मी दुसरे पत्र लिहिले : 'दिनांक अमुकची नोटीस मी याद्वारे बिनशर्त मागे घेत आहे.' ते सातव्या दिवशी पोस्टमनने आणून दिले. त्यांनी सही केली, तारीख टाकली आणि ते पहिल्याच्या मागे खोचले. म्हणजे पहिले उघडणार पंधराव्या दिवशी, दुसरे त्यानंतर सहा दिवसांनी. ते सहा दिवस आमची पेढी अस्तित्वात नसणार होती. तारखा मांडून पाहिल्यावर मला हे कळले. मी पाच-सहा वेळा मांडून पाहिल्या.

"भागीदार," मी न वळता म्हणालो, "ते मागचे पाकीट आधी वाचावे, अशी माझी सूचना आहे."

"काहून?"

"तातडीचे आहे."

"तातडीचंच तर वाळवावं लागतं," ते म्हणाले. "अन् मागचं आधी घेतलं तर म्होरल्याला काय वाटंल?"

त्या नऊ दिवसांत मी अनेकदा दुकानात एकटा होतो. हात वर केला असता तर पुरला असता. परंतु पोचवलेले पत्र ज्याच्या नावे असते त्याच्या मालकीचे होते, लिहिणाऱ्याच्या नव्हे. हे मी शेकडो लोकांना ओसरीवर बसून सांगितले होते. मी हात वर केला नाही. मी एकदा उठून तारेखाली उभा राहिलो, एवढे मात्र खरे आहे.

पंधराव्या दिवशी सकाळी त्यांनी पाकीट काढले. वाचायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. मला पाठीमागून कागदाचा आवाज येत होता. मग त्यांनी घडी घातली, पान्हा घेतला आणि अंगणात जाऊन ड्रम खोलू लागले. मी वळलो. पुढचा तासभर मी उभा राहून पाहत होतो. त्यांनी जमिनीवर दोन ढीग केले. एकात ड्रम आणि त्याची दोन चाके, दुसऱ्यात इंजिन, पट्टा आणि उरलेली दोन चाके.

"वाटणी मी केली," ते कपाळ पुसत म्हणाले. "निवड तुमी करा. मेंढरं वाटताना आमच्यात असंच. वाटनारा निवडत न्हाई."

"यांतला कोणताही एक ढीग कोणाच्याच कामाचा नाही," मी म्हणालो.

"व्हय. बराबर अर्धंअर्धं केलं ना!"

"निरोपाबद्दल आपण मला सांगितले का नाही?" मी अखेर विचारले.

"तुमी इचारलं कुठं? तुमी लिवलं."

एवढ्यात दारात जीप थांबली. मालक स्वतः उतरले. पांढरे कपडे, हातात टोपी. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिले, मग अंगणातल्या ढिगांकडे, मग पुन्हा माझ्याकडे, आणि त्यांनी मला नमस्कार केला. असा नमस्कार मी त्यापूर्वी पाहिलेला नव्हता. हात जोडले होते, पण मान सरळच.

"चला साहेब," ते म्हणाले. "तुमीच या आता. ती अर्धी तेवढी करून द्या."

मी काही बोलण्याआधी माझे भागीदार पान्हा पुसत म्हणाले, "आज जमत न्हाई, मालक. आज सकाळी आमची भागी मोडली."

"मोडली? आरं, काल तर व्हती!"

"काल व्हती. आज न्हाई. नोटीस हाय." त्यांनी घडी केलेला कागद दाखवला. "पन अजून एक पत्र हाय, ते सहा दिसानं उघडणार. सहा दिसानं या. जुळली तर येऊ."

"अन् न्हाई जुळली तर?"

"मंग अर्धी हळद घरी खा."

मालक माझ्याकडे वळले. "साहेब, तुमी कायद्याचे मानूस. हे काय चाललंय? उघडा की ते पत्र आत्ताच!"

त्या क्षणी माझ्या मनात काय होते ते मी लपवत नाही. ते पत्र आत्ता उघडावे, असे त्या दुकानात सर्वांत जास्त मला वाटत होते. परंतु या माणसाच्या सांगण्यावरून नव्हे.

"पत्र ज्यांचे आहे ते ज्या दिवशी उघडतील त्या दिवशी उघडेल," मी म्हणालो. "आपला नंबर नोंदवून ठेवतो."

सहा दिवस दोन ढीग अंगणात पडून होते. आम्ही भागीदार नव्हतो, तरी दोघेही रोज वेळेवर येऊन बाकावर बसत होतो. त्याला कायदेशीर आधार काय होता हे मला सांगता येणार नाही. शेतकरी येत, विचारत. ते अंगणाकडे बोट दाखवून म्हणत, "सध्या भागी न्हाई. शुक्रवारी बघू."

शुक्रवारी त्यांनी दुसरे पत्र काढले. एकच वाक्य होते, तरी सावकाश वाचले.

"कारन लिवलं न्हाई," ते म्हणाले.

मी बाकावरून उठलो, पलीकडे गेलो आणि त्यांच्यासमोर उभा राहिलो. "मला वाटले होते, तुम्ही गेलात."

"गेलतोच की," ते म्हणाले. "माझ्या वाटणीचा."

दुपारपर्यंत ड्रम पुन्हा उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या गावी पोचलो. फाटकापाशी माझे भागीदार ट्रॉलीवरून उतरले आणि लिंबाखाली अंग टाकून आडवे झाले. "माझी अर्धी झाली. ही तुमची," एवढेच म्हणाले. मी हादरलो. नऊ वर्षांत मी स्वतः एकदाही ड्रम चालवला नव्हता. मी पावत्या केल्या होत्या. पण फाटक उघडले होते, ट्रॅक्टरवाला माझ्याकडे बघत होता, आणि आत ओट्यावर मालकाचे सगळे घर बघायला उभे होते. मी आत गेलो.

इंजिन चौथ्या प्रयत्नात लागले. हळद केव्हा टाकायची आणि केव्हा काढायची, हे मी अंदाजाने ठरवले. पहिला घाणा मी फार वेळ फिरवला. हळकुंडे तुटली. दुसरा बरा झाला. संध्याकाळपर्यंत मी डोक्यापासून पायापर्यंत पिवळा झालो होतो, आणि अंगणात दोन ढीग शेजारी शेजारी होते. भागीदारांचा एकसारखा, अखंड, मऊ पिवळा. माझ्या ढिगात तुकडे होते, आणि ते कोणालाही दिसत होते.

मालकांनी खुर्ची आणवली. मी बसलो नाही. ते दोन्ही ढिगांवरून हात फिरवत माझ्याजवळ आले आणि आवाज खाली करून म्हणाले, "खरं सांगू का साहेब? तुमची अर्धी ज्यादा उजळली. त्यायची जरा फिक्कीच राहिली. मानूस जरा तऱ्हेवाईकच हाय तुमचा भागीदार. तुमच्यासारख्यानं त्याच्यासंगं काहून राहावं?"

मी खिशातून पावतीपुस्तक काढले. अंगठ्याची पिवळी खूण कागदावर उमटली, तिला इलाज नव्हता. मी तेथे उभ्यानेच लिहिले : 'सदर हळदीचे दोन्ही ढीग एकाच पेढीने, एकाच प्रतीचे, पॉलिश करून दिले आहेत. एका ढिगासंबंधी जे म्हणणे असेल ते दुसऱ्यासंबंधीही समजले जाईल.' खाली सही केली आणि कागद त्यांच्या हातात दिला.

त्या कागदात दोन दोष होते. दोन्ही ढीग एका प्रतीचे नव्हते. आणि भागीदारीपत्राप्रमाणे, पावतीखेरीज कोणत्याही कागदावर पेढीच्या वतीने एकट्याने सही करण्याचा मला अधिकार नव्हता. आयुष्यात मी लिहिलेल्या हजारो कागदांपैकी एवढाच एक कागद असा आहे, जो कोणत्याही न्यायालयात टिकला नसता, आणि ज्याचा एक शब्दही मी आज बदलणार नाही.